त्रिनिदादची पहिली संसद : कपिलदेवांनी सौदा स्वस्तात केला का?

खडूफळा
कॅरिबियन म्हटलं की आपल्याकडे गाडी क्रिकेटवर जाते आणि तिथेच थांबते. म्हणून हा धागा.

त्रिनिदाद आणि टोबॅगो ३१ ऑगस्ट १९६२ ला स्वतंत्र झाला. पण स्वतंत्र देशाची पहिली संसद म्हणून जे सभागृह बसलं, ते ४ डिसेंबर १९६१ ला, म्हणजे इंग्रजांच्या अमलात निवडून आलेलं होतं. ३० जागा. एरिक विल्यम्स यांच्या पीपल्स नॅशनल मूव्हमेंटला (पुढे पीएनएम) २०, डेमोक्रॅटिक लेबर पार्टीला (डीएलपी) १०. पीएनएमचा पाया मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या लोकांत, डीएलपीचा उसाच्या पट्ट्यातल्या भारतीय वंशाच्या लोकांत. लोकसंख्येत आफ्रिकी वंशाचे सुमारे ४३ टक्के, भारतीय वंशाचे ३६-३७.

डीएलपीचे नेते डॉ. रुद्रनाथ कपिलदेव हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गणित शिकवणारे गृहस्थ. निवडणुकीआधी त्यांनी क्वीन्स पार्क सवानावरच्या सभेत लोकांना शस्त्रं हाती घ्या म्हणून सांगितलं होतं, इतकं वातावरण तापलेलं. आणि मे-जून १९६२ मध्ये लंडनला मार्लबरो हाउसमध्ये घटनेवर वाटाघाटी झाल्या, तेव्हा याच माणसाने काही आश्वासनं घेऊन सही दिली.

माझं मत : सौदा स्वस्तात गेला. स्वातंत्र्याआधी नव्याने निवडणूक मागायला हवी होती. तुम्हाला काय वाटतं?

तिखटमीठ
रुद्रनाथ कपिलदेव वाचून मी आधी बोलिंग ॲव्हरेज शोधायला गेलो.

वाचनमात्र_बंडू
पहिला नंबर हुकला. वाचनखूण साठवली आहे, तज्ज्ञ मंडळी येऊ द्या.

सातबारा
खडूफळा सर, नव्याने निवडणूक कशाला? जेमतेम सहा महिन्यांपूर्वी झाली होती. मतदान ८८ टक्के. पीएनएमला साधारण ५७ टक्के मतं, डीएलपीला ४२ च्या आसपास. जागांचं प्रमाणही काही फार वेडंवाकडं नाही. आपल्याकडे तर पहिली संसद म्हणून घटना समितीच बसली होती, आणि ती प्रांतिक विधिमंडळांनी निवडलेली. सामान्य मतदाराने तिला थेट मतच दिलं नव्हतं. ती १९५२ पर्यंत चालली, कोणी ओरडलं नाही.

खडूफळा
ओरडलं नाही कसं, सातबाराराव? ओरडणारे होतेच. पण मुद्दा मान्य. फरक एवढाच की त्रिनिदादच्या त्या निवडणुकीवरच डीएलपीचा विश्वास नव्हता. मतपेट्या काढून पहिल्यांदा मतदान यंत्रं आणली होती. लिव्हर ओढून मत द्यायची यांत्रिक यंत्रं, विजेची भानगड नाही. मतदारसंघांच्या सीमा आखण्यावरूनही आरोप होते. प्रचारात दगडफेक, मारामाऱ्या. काही भागांत आणीबाणी लावून मतदान झालं.

तिखटमीठ
म्हणजे यंत्रावरून भांडण हा शोध आपला नाही! १९६१ मध्येच… *खुर्ची सरसावून बसतो*

भुसावळ_जंक्शन
यंत्रात घोळ नसता तर डीएलपीला १० पेक्षा जास्त

संपादक
यंत्रांची चर्चा त्रिनिदादपुरतीच ठेवा. आपल्या देशातल्या यंत्रांसाठी आधीच धागे आहेत आणि ते कुलूपबंद का आहेत हे सगळ्यांना माहीत आहे.

भुसावळ_जंक्शन
त्रिनिदादचंच लिहीत होतो साहेब. तिथे ती यंत्रं १९७१ पर्यंत वापरली, १९७६ ला परत मतपेट्या आल्या. मतपेट्या आल्यावरही पीएनएमच जिंकली. घ्या.

वकिलीण
मला खडूफळा सरांचं पटत नाही, कारण सौद्यात नेमकं काय मिळालं हे त्यांनी लिहिलंच नाही. "काही आश्वासनं" म्हणून उरकलं. सगळी गोम तिथेच आहे.

३० पैकी २० म्हणजे बरोब्बर दोन-तृतीयांश. एक कमी नाही, एक जास्त नाही. घटना बदलायला दोन-तृतीयांश पुरेसं ठेवलं असतं, तर विल्यम्स यांचा पक्ष पहिल्याच दिवशी एकट्याच्या बळावर काहीही बदलू शकला असता. कपिलदेवांनी काय मिळवलं? घटनेतली महत्त्वाची कलमं बदलायची तर कनिष्ठ सभागृहात एकूण सदस्यसंख्येच्या तीन-चतुर्थांश मतं, वर सेनेटमध्ये दोन-तृतीयांश. ३० चे तीन-चतुर्थांश साडेबावीस, म्हणजे २३. विल्यम्स यांना विरोधकांची तीन माणसं आणावी लागणार. गणिताच्या प्राध्यापकाने तीन मतांसाठी भांडण केलं आणि ते जिंकलं!

आपल्या ३६८ व्या कलमाशी ताडून बघा. आपल्याकडे हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन-तृतीयांश आणि एकूण सदस्यांचं साधं बहुमत. त्या मानाने त्रिनिदादचं कुलूप बरंच मजबूत.

सेनेटमध्येही बघा. २४ सदस्य, सगळे नेमलेले : १३ पंतप्रधानांच्या सल्ल्याने, ४ विरोधी पक्षनेत्याच्या, ७ समाजातल्या धार्मिक, आर्थिक वगैरे क्षेत्रांतून. २४ चे दोन-तृतीयांश १६. म्हणजे तिथेही सरकारला आपल्या १३ वर भागत नाही. शिवाय निवडणूक आणि सीमा आखण्यासाठी स्वतंत्र आयोग, आणि शेवटचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे.

मुक्कामपोस्ट
+१ वकिलीणताई. आमच्या सोसायटीत ३० फ्लॅट आहेत. त्यातले २० एका गटाचे आणि उपविधी बदलायला दोन-तृतीयांश पुरे. उरलेल्या दहांनी सभेला जावं की घरी बसून वरणभात खावा? आता लागलं डोक्यात.

स्लिपमधला
थोडं क्रिकेट घुसवतोच. लिअरी कॉन्स्टन्टाइन या पहिल्या संसदेत मंत्री होते ना? एवढा मोठा क्रिकेटपटू देशाच्या पहिल्या मंत्रिमंडळात, किती भारी!

सातबारा
नाही हो. ते १९५६ ला टुनापुनातून निवडून आले आणि दळणवळण-बांधकाम खात्याचे मंत्री झाले, ते त्याआधीच्या विधिमंडळात. १९६१ ची निवडणूक लढले नाहीत, लंडनला हाय कमिशनर म्हणून गेले. स्वातंत्र्याच्या दिवशी ते तिकडेच.

या सभागृहातलं लक्षात ठेवण्यासारखं नाव हवं असेल तर इझाबेल टीशे. निवडणुकीने सभागृहात आलेली पहिली स्त्री, आणि पुढे देशाची पहिली स्त्री मंत्री. दुसरं नाव ए. एन. आर. रॉबिन्सन, टोबॅगोचे, पहिले अर्थमंत्री. त्यांच्याबद्दल लिहायचं तर वेगळा धागा लागेल.

स्लिपमधला
बरं. मग कपिलदेव नावावरून तरी कोणीतरी क्रिकेट खेळलं असेल अशी आशा धरतो.

पुस्तकी_किडा
क्रिकेटपटू नाही, पण भाचा लेखक निघाला. व्ही. एस. नायपॉल. रुद्रनाथ त्यांचे मामा. थोरले मामा सिंभूनाथही त्याच पक्षाच्या राजकारणात. घरातली भांडणं भाच्याने आयुष्यभर पुरवून पुरवून लिहिली.

अमोनियावाला
मी पॉइंट लिसासच्या एका कारखान्यात होतो काही वर्षं, राहायला चागुआनासला. पोर्ट ऑफ स्पेनला कामासाठी जाणं व्हायचं. संसद ज्या इमारतीत भरली ते रेड हाउस. १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून इमारतीला लाल रंग दिला, ते नाव चिकटलं. १९०३ मध्ये पाण्याच्या कायद्यावरून दंगल झाली त्यात ती जळली. पुन्हा बांधली, पुन्हा लालच.

समोर रस्ता ओलांडला की वुडफर्ड स्क्वेअर. लोखंडी कठडा, मोठी झाडं, बाकांवर निवृत्त मंडळी. एरिक विल्यम्स याच चौकात व्याख्यानं द्यायचे, गुलामगिरीपासून घटनेपर्यंत, हजारो लोक उभ्याने ऐकायचे. त्याला म्हणायचेच 'युनिव्हर्सिटी ऑफ वुडफर्ड स्क्वेअर'. मी गेलो तेव्हाही एका कोपऱ्यात फळा लावून दोघंतिघं हातवारे करत वाद घालत होते. विषय काय म्हणून डोकावलो तर पेट्रोलचा भाव. बाहेर गाडीवर डबल्स : हळदीच्या दोन मऊ पुऱ्या, वर छोले, काकडीची चटणी. तिखट किती हे आधीच सांगायचं. 'स्लाइट' म्हटलं तरी कान गरम होतात.

एक गोष्ट मात्र सांगतो. चागुआनासच्या आसपासच्या म्हाताऱ्या लोकांशी बोललं तर १९६१ ची निवडणूक त्यांना कालची वाटते. कोणाच्या घरावर दगड पडले, कोण रात्री कोणाकडे झोपायला गेलं, सगळं पाठ. स्वातंत्र्याच्या रात्रीबद्दल विचारलं की मात्र "हो, झेंडा लावला" एवढंच. रेड हाउससमोर मध्यरात्री युनियन जॅक उतरून लाल-पांढरा-काळा झेंडा चढला तो क्षण सगळ्यांना सारखाच आपला वाटला नसावा. म्हणून खडूफळा सरांचा प्रश्न मला योग्य वाटतो, उत्तर वकिलीणताईंचं पटत असलं तरी.

आजोळ_मडगाव
अमोनियावाला, तिकडे मराठी माणसं भेटली का? गिरमिटियांमध्ये, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांमध्ये, आपली कोणी?

अमोनियावाला
नोकरीनिमित्त आलेले थोडे. गिरमिटियांत नाही. पहिलं जहाज, फतेल रझाक, ३० मे १८४५ ला लागलं ते कलकत्त्याहून आलेलं. बहुतेक लोक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारचे, काही मद्रासकडून. मराठी गिरमिटिये मॉरिशसला गेले. तिकडे अजून गणपती बसतात. त्रिनिदादच्या जुन्या लोकांच्या बोलण्यात भोजपुरी सापडते.

सातबारा
स्वातंत्र्याची पार्श्वभूमीही थोडी लिहितो, नाहीतर चित्र अर्धं राहील. हे बेट एकट्याने स्वतंत्र व्हायला निघालंच नव्हतं. १९५८ मध्ये दहा वसाहतींचा वेस्ट इंडीज महासंघ झाला होता, राजधानी त्रिनिदादमध्ये. सप्टेंबर १९६१ ला जमैकाने सार्वमत घेऊन काढता पाय घेतला. त्यावर विल्यम्स म्हणाले, दहातून एक वजा केला की शून्य उरतं. ३१ मे १९६२ ला महासंघ विसर्जित. त्याच वेळी लंडनमध्ये त्रिनिदादच्या घटनेवर वाटाघाटी चालू होत्या! जमैका ६ ऑगस्टला स्वतंत्र झाला, हे ३१ ला. सगळी घाई.

त्याआधी एप्रिलमध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स हॉलमध्ये संस्था-संघटनांना बोलावून मसुद्यावर चर्चा ठेवली होती. डीएलपीवाले त्यातून उठून गेले. लंडनलाही सुरुवातीला गाडी अडलेलीच. वसाहतमंत्री मॉडलिंग अध्यक्षस्थानी. शेवटी चहाच्या सुट्टीत विल्यम्स स्वतः कपिलदेवांकडे गेले आणि दोघांत बोलणं झालं, असं सांगतात.

तिखटमीठ
दहातून एक गेला की शून्य म्हणणारा पंतप्रधान आणि समोर विरोधी पक्षात गणिताचा डॉक्टर. त्याने हे वाक्य ऐकून घेतलं यातच त्याची सहनशक्ती दिसते.

वकिलीण
:)) तिखटमीठ, तुमच्यासाठी पण एक कलम लागेल.

पुस्तकी_किडा
कपिलदेवांची दुसरी बाजूही येऊ द्या. विरोधी पक्षनेता आणि लंडनमध्ये प्राध्यापक, अशी दोन्ही कामं ते एकाच वेळी करत राहिले. सभागृहात दिसायचे तेव्हा दिसायचे. मागे पक्षात लाथाळ्या, काही आमदार फुटून लिबरल पार्टी काढून बसले. १९६७ मध्ये गैरहजेरीमुळे सभापतींनी त्यांची जागाच रिकामी ठरवली. पोटनिवडणुकीत चागुआनासमधून भदासे सागन महाराज आले, म्हणजे ज्यांच्यानंतर पक्षाची सूत्रं कपिलदेवांकडे आली होती तेच! कपिलदेव १९७० ला वारले.

कागदावर कुलूप कितीही भारी असलं, तरी किल्ली ज्याच्याकडे तो सात समुद्रापार फळ्यावर समीकरणं सोडवतोय.

खडूफळा
पुस्तकी किडा, फळ्याला नाव ठेवू नका, आमची रोजीरोटी होती ती. पण हेच मला म्हणायचंय. सभागृहात बसणाऱ्या विरोधकाशिवाय तीन-चतुर्थांशाला काय अर्थ?

स्लिपमधला
आता १९७१ येऊ द्या, मला राहवत नाही. मार्च १९७१, क्वीन्स पार्क ओव्हल, पोर्ट ऑफ स्पेन. वाडेकर कर्णधार. आपण वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं. गावसकरचं पदार्पण, ६५ आणि नाबाद ६७. आणि त्याच मैदानावर एप्रिलमध्ये १२४ आणि २२०.

आजोळ_मडगाव
आणि सरदेसाईंचे ११२ कोण सांगणार? मडगावचा माणूस. आधी किंग्स्टनला २१२ काढून आला होता. मुंबईकर मंडळी नेहमी गावसकरवरच थांबतात.

संपादक
क्रिकेटला दोन प्रतिसादांची सवलत दिली, संपली.

सातबारा
संपादक महाशय, थांबा, १९७१ खरंच धाग्याच्या विषयातलं आहे. गावसकरच्या त्या द्विशतकानंतर साधारण महिन्याभराने, २४ मे १९७१ ला त्रिनिदादमध्ये निवडणूक झाली. विरोधकांनी बहिष्कार टाकला. त्यात पुढे कोण? रॉबिन्सन, पहिल्या संसदेतले अर्थमंत्री, जे १९७० मध्ये पीएनएममधून बाहेर पडले होते. मतदान ३३ टक्क्यांच्या आसपास. निकाल पीएनएम ३६, विरोधक शून्य. तोवर जागा ३६ झाल्या होत्या.

३६ चे तीन-चतुर्थांश २७. कपिलदेवांनी मार्लबरो हाउसमध्ये झगडून मिळवलेलं कुलूप कोणी फोडलं नाही. राखणदारच घरी राहिले. पुढे सत्ताधारी पक्षातलाच एक सदस्य, रॉय रिचर्डसन, बाहेर पडून विरोधी पक्षनेता झाला, तेव्हा कुठे ती खुर्ची भरली. आणि याच सभागृहाने १९७६ ची प्रजासत्ताकाची घटना मंजूर केली.

वकिलीण
सातबारा, हे जबरदस्त मांडलंत. तरी माझी बाजू सोडत नाही. बहिष्कार हा विरोधकांचा निर्णय होता, १९६२ च्या घटनेचा दोष नव्हे. आणि आयोगाचं बघा, तो टिकला. १९९५ मध्ये पीएनएम १७, बासदेव पांडे यांचा पक्ष १७, तिसरा पक्ष २ असा निकाल लागला आणि पांडे भारतीय वंशाचे पहिले पंतप्रधान झाले. सत्ताबदल मतपेटीतून होतोय यावर दोन्ही बाजूंचा विश्वास असल्याशिवाय असले काठावरचे निकाल पचत नाहीत. २००१ मध्ये तर १८-१८! राष्ट्राध्यक्ष कोण होते माहीत आहे? परत रॉबिन्सनच. त्यांनी पीएनएमच्या पॅट्रिक मॅनिंग यांना सरकार बनवायला बोलावलं. २००२ मध्ये सभागृह बसलं तर सभापतीच निवडता येईना. नंतर जागा ४१ केल्या, विषम आकडा.

मुक्कामपोस्ट
हे रॉबिन्सन सगळीकडेच आहेत! सातबारा, काढा तो वेगळा धागा.

अमोनियावाला
त्यात भर. १९९० मध्ये ते पंतप्रधान असताना २७ जुलैला जमात अल मुस्लिमीन या सशस्त्र इस्लामी गटाच्या लोकांनी भर अधिवेशनात रेड हाउस ताब्यात घेतलं, त्यांना ओलीस धरलं, पायात गोळी घातली. पहिल्या संसदेत बसलेला माणूस त्याच इमारतीत बांधून ठेवलेला.

वाचनमात्र_बंडू
बापरे. हे माहीतच नव्हतं.

भुसावळ_जंक्शन
प्रिव्ही कौन्सिलचं काय झालं? ते तर गेलं असेल.

वकिलीण
कुठलं! कॅरिबियन कोर्ट ऑफ जस्टिसचं मुख्यालय पोर्ट ऑफ स्पेनमध्ये, पण त्रिनिदादचं शेवटचं अपील अजूनही लंडनलाच जातं. गल्लीतलं कोर्ट शेजाऱ्यांसाठी. आणि का जातं? १९६२ ला एका बाजूला वाटत होतं की आपल्याला न्याय दुसऱ्या बाजूच्या हातून मिळणार नाही. ती शंका अजून पुरती गेलेली नाही.

खडूफळा
बरीच माहिती जमली, मंडळी. माझं मूळ मत थोडं वळवून मांडतो. वकिलीणताई म्हणतात तसं तीन-चतुर्थांश मिळवणं हुशारीचं होतं. पण मागायला हवं होतं ते वेगळंच : मतांच्या प्रमाणात जागा. १९७१ नंतर सर ह्यू वुडिंग यांच्या घटना आयोगाने १९७४ च्या अहवालात तेच सुचवलं, मिश्र पद्धतीने का होईना. विल्यम्स यांनी ते उडवून लावलं. १९६२ मध्येच, इंग्रज टेबलाशी बसलेला असताना ते वसूल केलं असतं तर ३६-० सारखा प्रकार घडलाच नसता.

सातबारा
सर, आधी शेजारी बघा. ब्रिटिश गयानामध्ये इंग्रजांनी १९६४ ला हेच प्रमाणशीर प्रतिनिधित्व लादलं. ५३ पैकी चेदी जगन यांच्या पक्षाला सर्वाधिक २४ जागा, त्यांचे प्रतिस्पर्धी बर्नहॅम यांच्या पक्षाला २२, तिसऱ्या पक्षाला ७. बर्नहॅम आणि तिसऱ्याने हात मिळवले, जगन बाहेर. १९६६ ला स्वतंत्र गयानाची पहिली संसद म्हणून बसलं ते हेच सभागृह. तिथेही जगन यांचा आधार भारतीय वंशाचे लोकच. १९६२ मध्ये कपिलदेवांना हे दिसलेलं नव्हतं, पण आपल्याला दिसतंय ना?

शिवाय बहिष्कार टाकणाऱ्याला प्रमाणात मोजलं तरी शून्यच जागा मिळतात. ३६-० ला ते औषध नव्हे.

खडूफळा
गयानाची तुलना मला मान्य नाही. तिथे पद्धत एका माणसाला पाडण्यासाठी आणली गेली, वॉशिंग्टनला जगन नको होते. हेतूच वेगळा. बहिष्काराचं म्हणाल, तर ४२ टक्के मतांना हमखास ४२ टक्के जागा मिळणार हे माहीत असतं, तर बहिष्काराची बुद्धी झाली असती का?

वकिलीण
सर, १९६१ मध्ये ४२ टक्के मतांना ३३ टक्के जागा मिळाल्या होत्या. प्रमाणात मोजलं असतं तर १२ किंवा १३. विल्यम्स यांचं दोन-तृतीयांश गेलं असतं हे खरं. पण सरकार त्यांचंच राहिलं असतं, आणि कपिलदेव लंडनलाच.

पुस्तकी_किडा
वकिलीणताईंशी सहमत. शिवाय तेव्हा डीएलपीचे दहा जणच एकत्र राहत नव्हते, तेरा राहिले असते?

तिखटमीठ
तेरा असते तर लिबरल पार्टीचं बहुमत झालं असतं डीएलपीत. हलके घ्या.

सातबारा
गयानावर लिहायला घेतलंय, वॉशिंग्टनचा मुद्दा तिकडेच घेऊ. रविवारपर्यंत टाकतो. रॉबिन्सन त्याच्यानंतर.

संपादक
तोवर हा धागा उघडा आहे. सरदेसाईंचे राहिलेले १५० कोणी टाकणार असेल तर क्रीडा विभागात.